काचेच्या अलीकडचा खेळ

पुण्यात शुक्रवार पेठेत राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) हे चष्म्याच्या धंद्यातले गृहस्थ, ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे. त्यांनी उभं आयुष्य गावोगाव फिरून घराघरांतून जुन्या वस्तू गोळा केल्या, लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं नाव त्या संग्रहाला दिलं आणि पुढे तो शासनाच्या स्वाधीन केला. वस्तू २० हजारांहून अधिक आहेत. त्यात रत्नजडित सिंहासनं शोधायला जाऊ नये. तिथलं खरं वैभव म्हणजे दिवे, अडकित्ते, दौती, कुलपं, पानदानं, वजऱ्या, वाद्यं, कोरीव दरवाजे. म्हणजे माणसांच्या हाताला रोज लागणाऱ्या गोष्टी. तीन पिढ्यांनी मिळून बघण्यासारखं याहून चांगलं संग्रहालय महाराष्ट्रात मला तरी माहीत नाही.

अशा वस्तूंच्या कपाटासमोर कुटुंबं कशी वागतात ते एखाद्या रविवारी बाजूला उभं राहून बघावं. मुलगा काचेवर नाक टेकवतो, एकदा वरून खाली बघतो आणि पुढच्या दालनात पळतो. बाबा फोटो काढतात. आई मुलामागे जाते. आजी मात्र थांबलेली असते. “असा अडकित्ता आमच्या आईच्या चंचीत असायचा,” असं ती म्हणते, पण ऐकायला शेजारी कोणीच उरलेलं नसतं. पाटीवर लिहिलेलं असतं : अडकित्ता, पितळ, एकोणिसावं शतक. त्या दालनात त्या वस्तूबद्दल सर्वांत जास्त माहिती असलेली व्यक्ती आजी असते आणि तिचं ज्ञान तिथल्या तिथे विरून जातं.

नातू आणि आजी एकाच कपाटापाशी पाच मिनिटं एकत्र थांबतील एवढं जरी संग्रहालयाने घडवून आणलं, तरी त्याने आपलं निम्मं काम केलं असं मी समजतो. ते घडवायला लाखो रुपये लागत नाहीत. पुठ्ठा, लाकूड, कापड यांतून केलेले, दोन वाक्यांत नियम सांगता येणारे, घरातल्या सगळ्यांनी मिळून खेळायचे साधे खेळ लागतात. आपल्याकडे संग्रहालयासाठी पैसा मंजूर होतो तो इमारतीला, रोषणाईला, अलीकडे मोठ्या पडद्यांना. खेळ मात्र उन्हाळी शिबिरापुरता, कुणा उत्साही शिक्षिकेने स्वतःच्या खर्चाने केलेला. हा क्रम बदलायला हवा, आणि त्यासाठी आधी खेळ म्हणजे मुलांना गप्प बसवण्याची युक्ती ही समजूत सोडायला हवी.

संग्रहालय कशासाठी असतं, याची आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेची व्याख्या २०२२ साली प्रागच्या अधिवेशनात नव्याने मंजूर झाली. शिक्षण, आनंद, चिंतन आणि ज्ञानाची देवाणघेवाण असे चार हेतू तिच्यात एका दमात आले आहेत. आनंद हा काही नवा पाहुणा नव्हे, १९७४ च्या व्याख्येतही तो होताच. आणि मुलांच्या हाती वस्तू देण्याची कल्पना तर त्याहून कितीतरी जुनी. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये मुलांसाठीचं पहिलं संग्रहालय १८९९ साली उघडलं. बॉस्टनच्या बालसंग्रहालयात १९६० च्या दशकात वस्तू कपाटांतून बाहेर काढून मुलांसमोर उघड्या ठेवल्या गेल्या. १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत फ्रँक ओपेनहायमर यांनी ‘एक्सप्लोरेटोरियम’ सुरू केलं, तिथे तर प्रत्येक प्रयोग हाताने करूनच बघायचा असतो. आपल्या दालनांत अजूनही भिंतीवरचा सर्वांत ठळक मजकूर ‘वस्तूंना हात लावू नये’ हा असतो. मूळ वस्तूंसाठी तो नियम योग्यच आहे. पण हात कुठे लावावा हे सांगणारी एकही पाटी नसते.

आपल्याला परक्या उदाहरणांवर थांबायचंही कारण नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. परदेशी पद्धतीची महागडी साधनं बाजूला ठेवून शंखशिंपले, बिया, पानं, माती यांतून त्यांनी आणि अनुताई वाघांनी शिकण्याची साधनं उभी केली. अरविंद गुप्तांनी काडेपेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी एवढ्यावर भूमितीचे सांगाडे करून दाखवले, पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत बसून असंख्य खेळणी रचली आणि सगळ्यांसाठी मोफत खुली केली. म्हणजे बालवाडीसाठी आणि विज्ञानासाठी साध्या साधनांची परंपरा महाराष्ट्रात पक्की आहे. इतिहासाच्या आणि लोकजीवनाच्या संग्रहालयांपर्यंत ती पोचली नाही, याची खंत वाटते.

आता खेळ म्हणजे नेमका कसा, हे बोलू. कारण खेळाच्या नावाखाली जे पुष्कळदा दिलं जातं, ती प्रश्नपत्रिका असते. दारात एक छापील कागद मिळतो : अमुक नाणं कोणत्या राजाचं? तमुक मूर्ती कोणत्या शतकातली? रिकाम्या जागा भरा. मुलं काय करतात? थेट पाटीशी जातात, साल उतरवून घेतात आणि पुढच्या पाटीकडे धावतात. मूर्ती वर तशीच उभी असते, तिच्याकडे कुणी मान वर करून बघत नाही. कागद करणाऱ्याची कळकळ खरी असते, पण त्याने मुलाला संग्रहालयात आणून पुन्हा वर्गातच बसवलेलं असतं. आणि मोठी माणसं अशा वेळी काय करतात, तर उत्तर सांगून टाकतात किंवा “नीट वाच” म्हणून ओरडतात. म्हणून खेळाची पहिली परीक्षा मी अशी लावतो : उत्तर पाटीवर सापडत असेल तर खेळ फसला, उत्तर वस्तूवर सापडायला हवं.

दिव्यांचं दालन घ्या. समया, लामणदिवे, पंचारत्या, हातात धरायचे दिवे. खेळासाठी हातात मावतील असे आठ पत्ते करायचे. प्रत्येकावर एका दिव्याचा अगदी लहानसा तुकडा मोठा करून छापलेला : एका पक्ष्याची मान, साखळीची एक कडी, समईच्या बुडाची किनार, वात ठेवायची चोच. पत्त्यावर नाव नाही, क्रमांक नाही. घरातल्या प्रत्येकाने एकेक पत्ता घ्यायचा आणि तो तुकडा कुठल्या दिव्याचा ते शोधायचं. सापडला की दुसऱ्यांना बोलावून बोटाने दाखवायचा. बस्स, एवढाच नियम. पाच वर्षांचं पोर आणि सत्तरीचे आजोबा यात अगदी बरोबरीने उतरतात, उलट पोराची नजर जास्त तीक्ष्ण ठरते. मग पत्ता उलटायचा. मागे एकच प्रश्न : यात तेल कुठे ओतत असतील? आता मात्र आजोबांची पाळी येते. लामणदिवा खांबाला का टांगायचा, गाभाऱ्यात आणि माजघरात वेगळे दिवे का, रात्री गोठ्यात जाताना कुठला दिवा न्यायचा, वारा लागून विझू नये म्हणून काय करायचं, हे ते सांगू लागतात. संग्रहालयाने फक्त प्रश्न विचारला आहे, पुढचं शिक्षण घरातल्या घरात चालू आहे.

यात एक बारीक गोम आहे. खेळ रचणारे बऱ्याचदा पत्त्यांच्या जोड्या करतात : एका पत्त्यावर वस्तूचं चित्र, दुसऱ्यावर तिची सावली. मुलं बाकावर बसून जोड्या जुळवतात, जिंकतात आणि कपाटाकडे एकदाही न बघता उठतात. पत्ते आपसातच जुळत असतील तर तो खेळ घरीही खेळता येईल, त्यासाठी संग्रहालयात यायची गरज काय? जोडीतला एक पत्ता खेळाडूच्या हातात हवा आणि दुसरा म्हणजे काचेमागची खरी वस्तू. खेळाने माणसाला सतत वस्तूकडे ढकलत राहायला हवं.

दुसरा खेळ हाताचा. जाड कापडाची पोतडी शिवायची, तोंडाला नाडी. आत रोज वापरण्याच्या चार-पाच वस्तू, पण बाजारातून आणलेल्या नव्या : वजरी, लाकडी रवी, पळी, बोथट केलेला अडकित्ता, लाकडी फणी. संग्रहातल्या वस्तूला धक्काही लागत नाही. या गोष्टी तुळशीबागेत, तांबट आळीत किंवा कुठल्याही गावच्या बाजारात मिळतात. डोळे मिटून आत हात घालायचा, चाचपायचं आणि जे हाताला लागलं त्याची जुनी बहीण कुठल्या कपाटात आहे ते शोधून काढायचं. वजरी हाताला खरखरीत लागते आणि मुलाला ओळखूच येत नाही. “हे कशाला गं, आजी?” “अरे, याने टाचा घासायच्या.” मग काचेमागची ती छोटीशी पितळी वजरी, तिच्या पाठीवर बसलेली मोरांची जोडी, हे सगळं एकाएकी अर्थपूर्ण होतं : टाचा घासायच्या वस्तूवरसुद्धा कुणीतरी मोर बसवला होता! ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी तर ही पोतडी म्हणजे संग्रहालयाचा दरवाजाच. अंध व्यक्तीला घेऊन आलेल्या कुटुंबाला आज आपण काय देतो? काचेपलीकडचं वर्णन, तेही सोबतच्याने कानात सांगितलेलं.

तिसरा खेळ मापांचा, आणि हा माझ्या विशेष आवडीचा, कारण यात गणित लपलेलं आहे. जुनी धान्याची मापं जवळजवळ प्रत्येक लोकजीवनाच्या संग्रहात असतात. दोन निळव्यांचं एक कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. म्हणजे प्रत्येक माप आधीच्याच्या दुप्पट. काटा नसलेल्या बाजारात निम्मं-निम्मं करत जाणं ही सर्वांत सोपी आणि फसवायला अवघड अशी रीत होती. १९५८ च्या ऑक्टोबरात दशमान वजनमापं लागू व्हायला लागली आणि पुढच्या काही वर्षांत ही सगळी शिडी सरकारी व्यवहारातून उतरली. पण खेड्यांत पायलीचा हिशोब त्यानंतरही कितीतरी वर्षं चालला, त्यामुळे आजीला ती अजून तोंडपाठ असते. खेळ असा : समोर पायली आणि चिपटं ठेवायचं. किती चिपटी ओतली की पायली भरेल, प्रत्येकाने आधी अंदाज सांगायचा, मग ओतून बघायचं. मोठी माणसंही सहा-आठ म्हणतात. भरतात सोळा. दुसरीतल्या मुलाला दुपटीची गती पहिल्यांदा हातातून कळते.

पण इथे संग्रहालयाची अडचण लक्षात घ्यायला हवी. दालनात धान्य आणलं की पोरकिडे आणि उंदीर मागोमाग येतात, आणि शेजारच्या कपाटात पैठणी किंवा लाकडी पेटी असेल तर ते परवडणारं नाही. म्हणून हा खेळ अंगणात, व्हरांड्यात, सतरंजी टाकून खेळायचा आणि संध्याकाळी ज्वारी डब्यात बंद करून ठेवायची. अशा व्यावहारिक गोष्टींवर खेळ जगतो किंवा मरतो. पुठ्ठा पावसाळ्यात फुगतो, तसाच लाकडाच्या भुशाचा स्वस्त एमडीएफही, त्यामुळे कोकणात किंवा पुण्यात जुलै-ऑगस्ट काढायचा असेल तर चांगल्या प्लायला पर्याय नाही. लॅमिनेशनच्या कडा गोल कापल्या नाहीत तर बोटं कापतात आणि दोन आठवड्यांत थर सुटायला लागतो. तीन वर्षांखालच्या मुलाच्या तोंडात मावेल असा एकही तुकडा नको. आणि एखादा तुकडा हरवला तरी खेळ चालायला हवा, कारण तुकडे हरवणारच. आठ दिव्यांपैकी एक पत्ता गेला तर सात पत्त्यांवर खेळ होतो. शंभर तुकड्यांच्या कोड्यातला एक गेला तर अख्खं कोडं अडगळीत जातं.

सावंतवाडीची गोष्ट याच संदर्भात सांगायला हवी, कारण तिथे खेळ हीच संग्रहालयातली वस्तू आहे. दशावतारी गंजिफा म्हणजे दहा अवतारांचे प्रत्येकी बारा, असे १२० गोल पत्ते. प्रत्येक अवताराचा एक राजा, एक वजीर आणि एक ते दहा खुणांचे पत्ते : मत्स्याचे मासे, कूर्माची कासवं, परशुरामाचे परशू. ही कला विझायला आली असताना १९७० च्या दशकात राजघराण्याच्या पुढाकाराने, राणी सत्त्वशीलादेवी भोसले यांनी लक्ष घालून, राजवाड्यातच चित्रकार बसवले आणि ती तगली. आज लोक हे पत्ते विकत घेऊन भिंतीवर फ्रेम करून लावतात. खेळणारे अगदी मोजके. दिवसा डाव रामाच्या पत्त्याने सुरू होतो आणि रात्री कृष्णाच्या, हे वाचून सांगितलं तर मूल जांभई देतं. हातात वीस पत्ते दिले तर स्वतःच विचारतं. वीसच, म्हणजे दहा राजे आणि दहा एक्के. मासा कुणाचा, परशू कुणाचा, एवढंच जुळवायचं. आपल्या नेहमीच्या पत्त्यांना कोपऱ्यात आकडा असतो, गंजिफाला कोपराच नाही. म्हणून अख्खा पत्ता डोळ्यांसमोर धरावा लागतो आणि चित्र आपोआप बघितलं जातं. मूळ हाताने रंगवलेले पत्ते काचेत राहू देत. छापील जाड पुठ्ठ्याचे वीस पत्ते टेबलावर ठेवायला कुणाची हरकत असावी?

टेबल म्हटल्यावर त्याची उंचीही आली. अमेरिकेत फिलाडेल्फिया-कॅम्डेन भागातल्या चार संस्थांनी, एक विज्ञान संग्रहालय, एक निसर्गविज्ञानाचं, एक प्राणिसंग्रहालय आणि एक मत्स्यालय, १९९० च्या दशकात मिळून अभ्यास केला की कुटुंबं एकत्र केव्हा शिकतात. त्यांना जी सात लक्षणं सापडली त्यांतली काही अगदी साधी आहेत : मांडणीभोवती चारी बाजूंनी उभं राहता यावं, एकाच वेळी अनेक हात चालावेत, लहानांना आणि मोठ्यांना दोघांनाही ती सोयीची असावी, मजकूर थोडका आणि तुकड्यातुकड्यांत असावा, आणि माणसाला आधीपासून ठाऊक असलेल्या कशाशी तरी ती जोडलेली असावी. या लक्षणांवर आपल्याकडचे टचस्क्रीन तपासून बघा. भिंतीला टेकवलेला पडदा, समोर एक मूल बोट चालवतंय, मागे आईबाप उभे, आजी दूर बाकावर. कुटुंब तिथे असतं, पण खेळत एकटं मूलच असतं. आणि पडदा दुरुस्त करणारा कंत्राटदार शहरात असतो. एका संग्रहालयात उत्तम रंगीत पडद्यांच्या रांगेवर ‘बंद आहे’ असे कागद चिकटवलेले मी पाहिले आहेत, तेही पिवळे पडलेले. लाकडी ठोकळा बिघडला तर गावातला सुतार संध्याकाळपर्यंत दुरुस्त करून देतो.

या सात लक्षणांत मी आपल्यापुरती एक भर घालीन : स्टुलं. आपली कुटुंबं आईबाप आणि दोन मुलं एवढीच येत नाहीत. गाडी करून येतात, आत्या, मामा, चुलत भावंडं, गुडघे दुखणारी आजी, कडेवरचं बाळ. आजीला बसायला जागा नसेल तर खेळातली सर्वांत जाणती खेळाडू बाहेरच राहिली. टेबल एवढं बुटकं हवं की पाच वर्षांचं मूल उभ्याने आणि आजी बसून एकाच पातळीवर येतील. चार पक्की स्टुलं आणि असं टेबल ही कुठल्याही जिल्हा संग्रहालयाला झेपणारी खरेदी आहे.

आक्षेप येतात. शांतता भंगेल, हा त्यातला एक. भंगू दे, माणसं वस्तूंबद्दल बोलत असतील तर तो आवाज संग्रहालयाला शोभतो. ज्यांना शांतपणे बघायचं आहे त्यांच्यासाठी आठवड्यातले काही तास खेळाविना ठेवता येतील. वस्तू फुटतील, हा दुसरा. पण ज्याच्या हातात पत्ता आहे तो काचेवर हात आपटत नाही. हाताला काम नसलेलं मूलच काच बडवतं. मनुष्यबळ नाही, हा तिसरा आणि खरा आक्षेप. त्यावर मला वाटतं की आपण दालनातल्या सेवकाला आजवर चुकीचं काम दिलं आहे. दिवसभर उभं राहून ‘हात लावू नका’ म्हणत राहणं हे कंटाळवाणं आणि अपमानाचंही काम आहे, त्याला आणि पाहुण्याला दोघांना. त्याच माणसाच्या ताब्यात पोतडी आणि पत्ते द्या, खेळ कसा सांगायचा ते दोन दुपारी शिकवा, कुठला पत्ता चालतो आणि कुठला चालत नाही हे त्यालाच विचारा. वर्षानुवर्षं त्या दालनात उभा असलेला माणूस लोक कुठे थांबतात हे अभिरक्षकांपेक्षाही चांगलं जाणतो.

आणखी एक आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो : सगळ्याचाच खेळ करायचा का? नाही. पूजेतली मूर्ती, कुणाच्या मरणाशी जोडलेलं शस्त्र, दुःखाची निशाणी, यांपुढे पत्ते मांडू नयेत. पण याच प्रश्नाची दुसरी बाजूही आहे. घरगुती वस्तूंची दालनं फार गोड दिसतात. चकचकीत समई दिसते, ती चिंच लावून घासणारे हात दिसत नाहीत. पाटा-वरवंटा दिसतो, त्यावर वाकून झिजलेली कंबर दिसत नाही. तांब्यापितळेची रास दिसते, पण ज्या घरांत मातीच्या मडक्याखेरीज काही नव्हतं, किंवा ज्यांना त्या घरांच्या पाणवठ्याला शिवू दिलं जात नव्हतं, ती घरं कपाटात नसतात. चांगला खेळ हे विचारू शकतो, तेही भाषण न देता. पत्त्याच्या मागे एवढंच लिहा : हे रोज कोण उचलत असेल? पाणी भरल्यावर हा हंडा तुमच्यापैकी कुणाला उचलवेल? आणि शेजारी वाळू भरलेला बंद हंडा ठेवा, उचलून बघायला. बाबांना तो धड उचलवत नाही आणि आजी सांगते की अशा दोन खेपा रोज पहाटे व्हायच्या. स्त्रियांच्या कष्टांवर चार परिच्छेदांचा फलक लिहून जे साधत नाही ते त्या हंड्याच्या वजनाने साधतं.

म्हणूनच प्रत्येक खेळात एक कोरा पत्ता असावा असं मी सुचवतो. त्यावर प्रश्न : तुमच्या घरातली कुठली वस्तू इथे असायला हवी होती? त्याखाली चित्र काढायला जागा. ऊसतोड कामगाराच्या घरातून कोयता येईल, कोळ्याच्या घरातून मासे धरायचा पाग, गिरणगावातल्या घरातून जेवणाचा डबा. हे पत्ते एका दोरीला लावून ठेवले की संग्रहात काय कमी आहे याची यादी लोकच करून देतात. एरवी भेट देऊन निघून जाणारं कुटुंब तिथे काहीतरी देऊन जातं.

खेळ तयार करण्याची रीतही अवघड नाही. खोक्याचा पुठ्ठा कापायचा, स्केचपेनने काढायचं, रविवारी दालनात ठेवायचं आणि लांब उभं राहून बघायचं. समजावायला जायचं नाही, हे सर्वांत कठीण. कुटुंब ज्या क्षणी एकमेकांकडे बघून “आता काय करायचं?” म्हणतं, तिथे नियम चुकलेला असतो. जिथे बाबा पत्ता मुलाच्या हातातून काढून घेतात, तिथे प्रश्न फार सोपा किंवा फार अवघड झालेला असतो. तो बदलायचा आणि पुढच्या रविवारी पुन्हा ठेवायचं. चार-पाच फेऱ्यांनंतरच प्लायवर छापायला द्यायचं. आपल्याकडे होतं उलटं : आधी निविदा निघते, मग छापील, चकचकीत संच येतो, उद्घाटन होतं आणि तो कुणी खेळून बघितलेला नसतो.

थोरली संग्रहालयं स्वतःच्या बळावर पुढे गेली आहेत. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ पासून संग्रहालयाची बस शाळांच्या दारात नेली, २०१९ मध्ये आवारात मुलांचं स्वतंत्र संग्रहालय उघडलं. त्याचं मनापासून कौतुक आहे. पण माझी चिंता तेरच्या संग्रहालयाची आहे, सातारा जिल्ह्यातल्या औंधची आहे, कोल्हापूरच्या टाऊन हॉलची आहे, नागपूरच्या अजब बंगल्याची आहे, जिथे सुट्टीत आसपासच्या गावांतली कुटुंबं येतात आणि वीस मिनिटांत बाहेर पडतात. तेरला हस्तिदंताची इवलीशी स्त्रीमूर्ती सापडली आणि तिच्याशी नातं सांगणारी दुसरी हस्तिदंती मूर्ती १९३८ साली थेट इटलीत, पॉम्पेईच्या राखेखाली मिळाली. या दोघींची शेजारी शेजारी मोठी छायाचित्रं ठेवून ‘सारखं काय, वेगळं काय’ एवढा एकच खेळ मांडला तर धाराशिव जिल्ह्यातल्या मुलाला आपल्या गावाहून समुद्रापार गेलेला रस्ता दिसेल. त्याला लागणारा खर्च म्हणजे दोन छायाचित्रं आणि एक टेबल.

शासनाच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाने यासाठी एक परिपत्रक काढावं. प्रत्येक अभिरक्षकाला स्थानिक सुताराकडून, शिंप्याकडून, छापखान्यातून छोट्या रकमेपर्यंत थेट साहित्य करून घेण्याची मुभा द्यावी. जवळच्या अध्यापक विद्यालयातल्या विद्यार्थ्यांना खेळ रचण्याचं आणि तपासण्याचं काम अभ्यासाचा भाग म्हणून द्यावं. एका संग्रहालयात जमलेला खेळ दुसऱ्याला फुकट उतरवून घेता यावा म्हणून त्याचे नमुने सगळ्यांसाठी खुले ठेवावेत. आणि वार्षिक अहवालात किती तिकिटं फाडली या आकड्याच्या शेजारी आणखी एक नोंद मागावी : माणसं कुठल्या कपाटापाशी किती वेळ थांबली.

१८ मे हा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन आपल्याकडे ऐन उन्हाळ्याच्या सुट्टीत येतो. मुलं आजोळी असतात, आजी-आजोबा सोबत असतात. त्या दिवशी व्याख्यान आणि प्रदर्शन ठेवायची प्रथा आहे, ती राहू द्यावी. पण जिल्ह्याजिल्ह्याच्या संग्रहालयात त्या सकाळी एक बुटकं टेबल, चार स्टुलं आणि खेळून तपासलेला एक खेळ तयार असावा, आणि दुसऱ्या दिवशी, १९ मे रोजी, तो उचलून कोठीत टाकला जाऊ नये.